अंकूचा पदवीचा फोटो मीच काढणार

माझी डाव्या पायातली चप्पल नेकनूरच्या स्टँडवर राहिली आणि मला ते घरी पोचेपर्यंत कळलं नाही. आजार कसा सुरू झाला असं कुणी विचारलं की मी इथूनच सांगते. जानेवारीचे दिवस होते. बीडला एका डोहाळजेवणाचे फोटो काढून मी बसने परत आले होते. आमच्या घरासमोर रुक्साना भाभींचं शिलाईचं दुकान आहे. त्यांनी मशीन थांबवलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, बीडात एका चपलेची फॅशन आली का?" मी खाली पाहिलं. एक पाय चपलेत आणि दुसरा धुळीने भरलेला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. चप्पल भाभींनीच जाऊन आणली.

हसू ओसरल्यावर मी त्या तळव्याला चिमटा काढून पाहिला. चिमटा काढल्याचं बोटांना कळलं, पायाला कळलं नाही.

मी सुनंदा. वीस वर्षं फोटो काढते आहे. पुरुष फोटोग्राफर आत आला की बायका पदर सावरून अवघडून बसतात, म्हणून डोहाळजेवण, हळद, बारसं अशा कार्यक्रमांना आसपासच्या गावांतून मला बोलावणं येतं. घराच्या पुढच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. माझी मुलगी अंकिता, तिच्याच नावाचा. नवरा एस.टी.त कंडक्टर.

आजारातून उठल्यापासून मला अनोळखी बायकांचे फोन येतात. तुम्हाला झालं होतं तेच आमच्या घरात झालंय, माणूस उठतं का, असं विचारतात. उठतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

हातोडी

त्या आठवड्याच्या आधी मला दोन दिवस जुलाब झाले होते. ते मी विसरूनही गेले होते. त्यामुळे पायांना मुंग्या आल्या तेव्हा मी धावपळीला दोष दिला. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला आणि सलाईन लावलं. नणंदेने नजर लागल्याचं निदान केलं आणि लिंबू उतरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी एका बाळाचा फोटो काढताना कॅमेरा हातातून निसटला. तो गळ्यातल्या पट्ट्याला लटकत राहिला म्हणून वाचला. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात खाली बसले ती उठेचना. ह्यांनी मला काखेत हात घालून उचललं आणि कपडे बदलून थेट बीडला नेलं.

बीडच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटी रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही. मला वाटलं ते बाईमाणूस म्हणून हळू मारतात. मी म्हटलं, डॉक्टर, जोरात मारा, मी रडणार नाही. ते हसले नाहीत. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

आजाराचं नाव जीबीएस. अंगातली जी फौज बाहेरच्या रोगाशी लढते तीच आपल्या नसांवर उठते, असं डॉक्टरांनी समजावलं. ह्यांनी विचारलं, "मंजी घरातल्या घरात भांडण?" डॉक्टर म्हणाले, तसंच समजा. बहुतेक पेशंट बरे होतात, पण सावकाश होतात, आणि श्वासावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून आजच संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात जा. मी विचारलं, माझ्या हातांचं काय? ते म्हणाले, येतील. किती येतील ते आत्ता सांगता येत नाही.

गाडी गेवराईच्या पुढे गेली तरी माझ्या डोक्यात तेवढंच वाक्य फिरत होतं. अंकू बीडला बी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. जुलैपर्यंत तिचा निकाल लागणार होता. जुलैपर्यंत माझे हात किती आले असतील, याचा मी हिशोब करत होते आणि तो जुळत नव्हता.

गाऊन

हे नीट सांगायला हवं, नाहीतर बाई मरणाच्या दारात असताना फोटोचा विचार काय करत होती, असं वाटेल.

माझ्या स्टुडिओत पदवीचा एक काळा गाऊन आहे. लाल काठाचा, रुक्साना भाभींनी शिवलेला. सोबत गोंड्याची चौकोनी टोपी. बालवाडीतल्या पोरांपासून एम.ए. झालेल्या गुरुजींपर्यंत सगळ्यांनी तो घातलेला आहे. लहान पोरांना मागून चिमटे लावायचे, मोठ्यांना तसाच. अंकू सहा वर्षांची असताना तिने तो गाऊन मागितला. शेजारच्या सगळ्या पोरींचे फोटो निघाले होते. मी नाही म्हणाले. मी सातवी शिकलेली, हे दहावी, आमच्या दोन्ही घरांत पदवीपर्यंत कुणी पोचलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तू खरी पदवी मिळव आणि मग घाल. तुझा फोटो मीच काढीन. उभा, पायापर्यंत, मोठा.

सहा वर्षांच्या पोरीला कुणी असं सांगतं का? पण माझा स्वभाव तसा आहे. ती रडली, दोन दिवस रुसली, आणि नंतर तिने तो गाऊन परत कधी मागितला नाही. बारावीला तिच्या मैत्रिणींनी गंमत म्हणून तो घालून फोटो काढले, तेव्हा ही बाजूला बसून त्यांच्या टोप्या सरळ करत होती. सोळा वर्षं पोरगी थांबली. तिने तिच्या बाजूचं काम पुरं करायचं आणि माझ्याच हाताने दगा द्यायचा, ही भीती मला छातीवर दगड ठेवल्यासारखी वाटत होती.

एका दमात

अतिदक्षता विभागात रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि म्हणायचे, ताई, एका दमात किती आकडे म्हणता येतात ते म्हणा. श्वास किती उरलाय ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी बावीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी सतरा. आकडा खाली आला तर गळ्यात नळी घालतात हे मला शेजारच्या खाटेवरून कळलं होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी भराभरा म्हणायला लागले, पाढे पाठ असलेल्या पोरीसारखी. डॉक्टरांनी हात वर केला आणि म्हणाले, लबाडी नको, सावकाश म्हणा. सावकाश म्हटले तर तेरा आले.

मग बारा. तीन दिवस बारा. मला मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू. हात-पाय लाकडासारखे पडलेले, चेहरा अर्धा उतरलेला, डोळे पुरते मिटायचे नाहीत म्हणून सिस्टर पापण्यांवर चिकटपट्टी लावायच्या. आयुष्यभर मी लोकांना डोळे मिटू नका म्हणून दटावलं, आणि आता मला मिटता येत नव्हते. इंजेक्शनं पाच दिवस चालली. नवव्या दिवशी आकडा पंधरा आला. ह्यांनी काचेपलीकडून विचारलं, किती? सिस्टरनी हाताचा पंजा तीनदा दाखवला. हे तिथेच खाली बसले.

ह्यांच्याबद्दल सांगायचं तर माणूस घाबरलेला असला की कंडक्टर होतो. जनरल वॉर्डात आल्यावर मला बघायला पाहुणे आले की हे खाटेच्या टोकाला उभे राहून सांगायचे, "पुढं सरका, पुढं सरका, मधी गर्दी करू नका." पाहुणेही सवयीने सरकायचे.

एकदा दवाखान्याच्या कागदांना माझे दोन पासपोर्ट फोटो लागले. ह्यांनी घरी फोन केला, कपाटं उघडली, अल्बम चाळले. वीस वर्षं फोटो काढणाऱ्या बाईचा एक धड फोटो घरात सापडला नाही. होता तो लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. शेवटी झेरॉक्सवाल्याला मोबाईल घेऊन खाटेपाशी आणलं. तोंड वाकडं असल्याने मला नीट बोलता येत नव्हतं, तरी मी त्याला सांगितलं की खिडकीकडून ये, उजेड पाठीमागून घेऊ नकोस, आणि मोबाईल थोडा वर धर. तो ह्यांना म्हणाला, मावशी पेशंट हायत का साहेब? वॉर्डातल्या बायका हसल्या आणि मीही अर्ध्या तोंडाने हसले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच.

छोट्या छोट्या गोष्टींनी जीव धरून ठेवला. एका सिस्टरनी आपली जेवणाची सुट्टी घालवून माझे केस धुतले. अकरा दिवसांचा घाम आणि तेल. त्या पाण्याची ऊब अजून आठवते.

अंकू दर दोन दिवसांनी यायची. एक दिवस म्हणाली, यंदा परीक्षा देत नाही, पुढच्या वर्षी बघू, तुझ्याजवळ कोण थांबणार? मला राग आला.

"परीक्षा सोडलीस तर उठून मारीन तुला," मी म्हटलं.

"ऊठ ना मग," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी रडलो. माझे डोळे तिने पुसले, कारण मला पुसता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली आणि मे महिन्यात परीक्षेला बसली.

बोट

महिन्याने मी घरी आले, चाकाच्या खुर्चीवर. खरी कसोटी इथून पुढे होती. दवाखान्यात सगळेच आजारी असतात, घरात एकटी आपण.

ह्यांनी रजा टाकली. भाकरी करायला शिकले. पहिल्या भाकऱ्या अशा व्हायच्या की कुत्र्याने वास घेऊन सोडून द्याव्यात. माझे केस विंचरायचे तर भांग कानापासून सुरू व्हायचा. आणि मी? मी खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. पीठ जास्त घ्या, आच कमी करा, असं नाही, तसं नाही. एक दिवस ह्यांनी भरवता भरवता ताट खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. बराच वेळ आले नाहीत. आल्यावर एवढंच म्हणाले, "तिकिटं फाडणारा माणूस हाय म्या. शिकायलोय. जरा दम धर."

मला लाज वाटली. ज्या माणसाच्या हातून आपण खातो त्याच्यावरच आपण सगळी चिडचिड काढतो, कारण दुसऱ्या कुणावर काढायची सोय नसते. तुमच्या घरात असं कुणी आजारी असेल तर हे लक्षात असू द्या, आणि तुम्ही स्वतः आजारी असाल तर जिभेला थोडा लगाम घाला. मला पूर्ण जमलं नाही, पण अर्धं जमलं.

व्यायामाच्या मॅडम बीडहून आठवड्यातून दोनदा यायच्या. ताटात तूर टाकायच्या आणि एकेक दाणा उचलायला लावायच्या. कपड्याचे चिमटे दाबायला द्यायच्या. एप्रिलपर्यंत मी ताटावर हात नुसता ठेवून बसायचे. रुक्साना भाभी दुकानातलं काम घेऊन समोर येऊन बसायच्या, काजं-बटणं करता करता माझ्याशी बोलायच्या आणि माझ्या हाताकडे मुद्दाम बघायच्या नाहीत. मेच्या मध्यावर, जवळजवळ साडेतीन महिन्यांनी, डाव्या हाताची बोटं तुरीत रुतली आणि एक दाणा अंगठ्याला चिकटून वर आला. भाभी सुई टोचून घेत ओरडल्या.

हे तेव्हा परत कामावर रुजू झाले होते. त्यांना फोन लावला. त्यांनी पेढे घेतले आणि बीड–नेकनूर गाडीत तिकिटाबरोबर एकेक पेढा वाटला. लोकांनी विचारलं, कंडक्टर, मुलगा झाला का? हे म्हणाले, "न्हाई, बायकोचं बोट हललं." हे मला दुसऱ्या दिवशी बाजारातल्या बायकांनी सांगितलं, स्वतः ह्यांनी नाही.

डावा हात भराभर सुधारला. पाय आले, जूनमध्ये मी काठी घेऊन स्टुडिओपर्यंत जायला लागले. उजवा हात मागे राहिला. तळवा वस्तू पेलायला लागला, पण पहिलं बोट काही केल्या वाकेना. फोटोग्राफरचं सगळं काम त्याच बोटात असतं. बटण तिथे असतं.

गुपचूप ठरलेलं

जुलैत निकाल लागला. अंकू पहिल्या वर्गात पास झाली. सप्टेंबरमध्ये कॉलेजात पदवी दिली. गाऊन-टोपी नव्हतीच, हल्ली गळ्यात उपरणं घालतात. गल्लीतल्या बायकांना ते पटलं नाही. गाऊन न्हाई तर पदवी कशाची, असं एकीने विचारलंसुद्धा. अंकू हसून म्हणाली, गाऊन आमच्या घरीच हाय, रविवारी घालणार. आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हटलं. बोट तसंच होतं.

शुक्रवारी ह्यांना मी फोनवर बोलताना ऐकलं. पलीकडे गणेश होता. बीडला त्याची फोटो छापायची लॅब आहे, माझी सगळी छपाई तोच करतो, आणि फोटोही चांगले काढतो. हे त्याला हळू आवाजात सांगत होते, रविवारी कॅमेरा घेऊन ये, सहज आल्यासारखा ये, सुनंदाला जमलं नाही तर तू काढ.

मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. चहा पुढे सरकवायचा आणि तोंड फिरवायचं. शनिवारी ह्यांनी मला गाठलं. "तुझा हात उठला न्हाई, अन् पोरीसमोर तू रडलीस, तर ते म्या बघू का?" म्हणाले. "पोरगी गाऊन घालून उभी आन् तू कॅमेरा धरून रडायलीस. मला न्हाई बघायचं ते." त्यांचं चुकत नव्हतं. पण मलाही कुठे माघार घेता येत होती? अंकूने सुचवलं, मम्मी, स्टँडवर कॅमेरा लाव आणि टायमर सोड. मी म्हटलं, मग तो फोटो टायमरने काढला असं होईल.

स्टुडिओत जाऊन दार लावून घेतलं. डावा हात कॅमेऱ्यावरून उजवीकडच्या बटणाकडे नेला, तर पोचेना, आणि पोचला तर डोळ्यापुढे कोपर यायचं. दहा-बारा वेळा करून पाहिलं. वैतागून कॅमेरा बंद करून ठेवायला म्हणून उलटा केला आणि त्याच क्षणी डावा अंगठा बरोबर बटणावर येऊन बसला.

मी तशीच थांबले. कॅमेरा उलटा, बुड आभाळाकडे, उजव्या तळव्यावर भिंगाचा भार, डावा अंगठा बटणावर. खिडकीतून समोर भाभींच्या दुकानावर रोखला आणि दाबला. फोटो निघाला. आणखी एक काढला. भाभींनी मान वर केली आणि ओरडल्या, "ताई, उलटा हाय कॅमेरा!" मी म्हटलं, मला माहीत हाय. त्यांनी विचारलं, मग आतून मी उलटी दिसते का? मी सांगितलं, आतून सगळं सरळच दिसतं, फोटो नंतर फिरवून घ्यायचा. भाभींना काही ते पटलं नाही.

दुपारभर मी भाभींचे, मशीनचे आणि रस्त्यावरच्या एका शेळीचे फोटो काढले. निम्मे हललेले होते. हाताला पेलत नव्हतं, थरथरत होता. पण निघत होते.

रविवार

सकाळी गणेश पिशवी घेऊन सहज आल्यासारखा आला. मी म्हटलं, गणेश, आधी चहा घे, मग तो पांढरा थर्मोकोल उचल आणि अंकूच्या डाव्या बाजूला उजेड मार. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी छताकडे पाहिलं. गणेशने पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि थर्मोकोल धरला. वीस वर्षांची ओळख आहे, एवढं त्याला कळतं.

अंकूने गाऊन घातला आणि बाहेर आली. गाऊन तिच्या गुडघ्यापर्यंत होता.

मी ह्यांच्याकडे वळले, तर ह्यांचा चेहरा पडलेला. मग खरं काय ते बाहेर निघालं. मी दवाखान्यात असताना शाळेच्या गॅदरिंगला चौथीतल्या एका पोराला वकील व्हायचं होतं. हेडमास्तर गाऊन मागायला आले, ह्यांनी दिला. पोरगा पायात अडकून पडायला लागला म्हणून मास्तरांनी भाभींकडून खालची पट्टी दुमडून घेतली. भाभींना वाटलं ह्यांनी मला विचारलंय. ह्यांना वाटलं शाळेवाले तसाच परत देतील. सोळा वर्षं मी ज्या गाऊनला माझ्या पोरीला हात लावू दिला नाही, तो घालून कुणाचं तरी पोरगं स्टेजवर कोर्ट चालवून आलं होतं.

मला राग यायला हवा होता. पण अंकू खाली आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाली, "मम्मी, मी चौथीत मागितला असता तर बरोबर बसला असता," आणि मला हसू फुटलं. भाभींनी तिला स्टुलावर उभं केलं आणि तोंडात टाचण्या धरून पट्टी उसवली. कापून टाकली नव्हती, नशीब. दहा मिनिटांत गाऊन पायापर्यंत आला. घडीची रेघ मात्र इस्त्रीने जाईना. राहू दे म्हटलं.

माझा एक नियम आहे. पदवीच्या फोटोत दात दिसता कामा नयेत. कष्टाने मिळवलेली गोष्ट आहे, माणूस गंभीर दिसायला हवं. अंकूला तो नियम लहानपणापासून पाठ आहे. ती ताठ उभी राहिली, टोपी सरळ, ओठ मिटलेले, हातात पदवीचा कागद. मी कॅमेरा उलटा केला, काठी टाकली आणि पाय रोवले. हे माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. "हात लावत न्हाई," म्हणाले. "नुस्ता मागं हाय. ब्रेक लागला तर."

पहिला फोटो काढला. अंकू गंभीर. दुसरा. गंभीर. तिसऱ्याला माझा हात थरथरला आणि मी कॅमेरा वर उचलायला अंग मागे टाकलं, तर भाभी दारातून म्हणाल्या, "या अल्ला, आता ताईबी उलट्या व्हायल्या." आणि अंकूचा बांध फुटला. ती हसली ती अशी की टोपी कानावर आली, गोंडा नाकासमोर आला, आणि सोळा वर्षं थांबलेली पोरगी माझ्यासमोर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत उभी राहिली. मी दटावलं नाही. मी दाबत राहिले. चार, पाच, सहा. मीही रडत होते आणि हसत होते, आणि मला तसं बघायला ह्यांना काही अडचण वाटली नाही, कारण हेही तेच करत होते. अकराव्या फोटोला उजवा हात खाली आला. गणेशने थर्मोकोल टाकून कॅमेरा झेलला. ह्यांनी मला झेललं. अंकू गाऊन वर धरून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली.

मी तिला म्हटलं, "झाला गं तुझा फोटो."

ती म्हणाली, "झाला मम्मी." आणि मला सोडेना.

मंगळवारी गणेशचा लॅबमधून फोन आला. मी त्याला अकरापैकी चौथा फोटो मोठा करायला सांगितला होता. आवाज चाचरत होता त्याचा. म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण हा फोटो हललाय. कडा फाटल्यात. पहिला चांगला स्थिर आलाय, तो करू का? न्हाईतर हाच कम्प्युटरवर साफ करून देतो, कुणाला कळणार न्हाई."

वीस वर्षांत असा फोटो मी गिऱ्हाइकाला दाखवलासुद्धा नसता. टोपी वाकडी, दात दिसतायत, गाऊनवर घडीची रेघ, आणि सगळीकडून थोडा थोडा थरथरलेला.

"गणेश," मी म्हटलं, "फेब्रुवारीत ह्या हातानं अंगावरचं पांघरूण सरकत नव्हतं. हललाय तर हलू दे. त्याला काही करू नको."

मग त्याने विचारलं, "केवढा करू?"

"स्टुडिओच्या दारावर लावायचाय. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीतल्या लोकांना दिसंल एवढा."